बसूचा डबा

अहो,

टँकर आलाय, म्हणून नीलूला घेऊन पाण्याला चाललेय. बसू झोळीत झोपलाय, आई त्याच्यापाशी हायत.

आपलं गाव जिल्ह्याचं झालं की नळाला पाणी येईल म्हणत होतात, जिल्हा झाला तरी नळ अजून नुसता फुसफुसतोय. तरी मी पोरांना घेऊन जळकोटला माहेरी जाणार न्हाई. काल तुम्ही भरलेली ट्रंक रिकामी केलीय.

आज बसू पाण्याचा रिकामा डबा ढकलत चुलीपासून उंबऱ्यापर्यंत पहिल्यांदाच चालला. लई खडखड केली, पण पडला न्हाई. तिकडं जळकोटला चालला असता तर तुम्हाला कुठून दिसला असता?

बाकी सगळी भांडी नेतेय, तो डबा तेवढा घरीच ठेवलाय. आई त्यात पाणी साठवायचं म्हणतील, साठवू देऊ नका. बसू उठला की डबा त्याच्यापुढं ठेवा आणि तुम्ही उंबऱ्यात बसा.