दान झालेला वाढदिवस

१४ सप्टेंबर, रविवार

आज जे झालं ते क्रमाने.

१. माझ्या लेकीच्या, मुंगीच्या सहाव्या वाढदिवसाचं निमंत्रण बावीस घरांना पाठवलं होतं. वेळ चार ते साडेपाच.
२. त्यात लिहिलं होतं: भेटवस्तू आणू नयेत. त्याऐवजी आमच्या हॉस्पिटलच्या नवजात बालकांच्या कक्षाला इच्छेनुसार देणगी द्यावी. खाली लिंक.
३. एकोणीस घरांनी देणगी दिली. बहुतेकांनी पहिल्याच दिवशी.
४. चारला कोणी नाही. सव्वाचारला वरच्या मजल्यावरचे आजोबा. चार पस्तीसला वर्गातली जुळी. त्यांच्या आईने दारातूनच सोडली, गाडी चालू होती.
५. साडेपाचला तिघंही गेले.
६. केकचे चोवीस तुकडे करायचे होते. पाच केले.

मुंगी रडली नाही. उरलेल्या टोप्या एकात एक घालून ठेवल्या. "या पुढच्या वर्षी चालतील ना?" चालतील, मी म्हणाले.

आजोबा जाताना दारात थांबले. "पोरी, मी देणगी नाही दिली हं. ते फोनवरचं मला जमत नाही. म्हटलं, निदान तोंड तरी दाखवून यावं!"

१५ सप्टेंबर, सोमवार

शाळेच्या फाटकाशी एक आई, स्कूटरवरूनच — "अगं, आम्ही दिले की! पोचले ना?"

पोचले.

१६ सप्टेंबर, मंगळवार

हॉस्पिटलचा स्टोअरकीपर म्हणाला, "मॅडम, एकोणीस घरं! तुमच्या शब्दाला वजन आहे." मग त्याने विचारलं, वाढदिवस कसा झाला. छान, म्हणाले. हॉस्पिटलची यंत्रं तपासणं हेच माझं काम; हाताखालचा सलाइन पंप तपासून झाला होता. तरी पुन्हा तपासायला घेतला.

रिसेप्शनवरचीला बोलावलं होतं, तिच्या मुलासकट. तिने देणगी दिली, आली नाही. जेवणाच्या सुट्टीत माझ्यासमोर डबा उघडून बसली. ती आडपडदा ठेवत नाही.

"राग मानू नकोस. पण तुझं निमंत्रण वाचून मला वाटलं, लिफ्ट बंद राहणार असल्याची नोटीस आहे. भेटी आणू नयेत, पालकांनी थांबू नये, साडेपाचनंतर उशीर करू नये, बाहेरचं खाणं देऊ नये. म्हटलं, हिला कोणी यायलाच नकोय. देणगी दिली की सुटलो!"

"असं नव्हतं."

"मग कसं होतं?"

डबा बंद केला. घरी येऊन निमंत्रण पुन्हा वाचलं. अकरा वाक्यं. 'या' असं एकातही लिहिलेलं नाही.

१७ सप्टेंबर, बुधवार

बाईंचा शाळेतून फोन. आवाजात हसू दाबलेलं. "वर्गात वयाचा तक्ता करतोय. पाचवाले खिडकीकडे, सहावाले फळ्याकडे. तुमची लेक खिडकीकडून हलायलाच तयार नाही! म्हणते, मी पाचच."

संध्याकाळी विचारलं. ती चित्र रंगवत होती, मान वर केली नाही.

"तू माझा वाढदिवस बाळांना दिलास ना. दिला की मग तो आपला नसतो."

तिच्या लहान झालेल्या कपड्यांबद्दल मीच सांगितलं होतं हे. एकदा दिलं की मागायचं नाही.

समजावलं. देणगी वेगळी, वय वेगळं. वय कुणाला देता येत नाही. जन्माचा दाखला काढला, तारीख दाखवली, बोटांवर वर्षं मोजून घेतली. तिने नीट मोजली. सहाच आली.

"हे कागदावर. पण झाला कधी?"

सांगितलं, हात धू, जेवायला बस.

१८ सप्टेंबर, गुरुवार

आज टेबलावर दोन ताटं, दोन पेले. नेहमीच असतात. आज मोजले गेले.

१९ सप्टेंबर, शुक्रवार

नवजात कक्षासाठी वॉर्मर आधीच मागवला होता, पैसे कमी पडत होते. देणगीने भागलं. आज आला. वर हीटर, खाली उघडी गादी — ज्या बाळांना स्वतःची ऊब धरता येत नाही त्यांच्यासाठी. मीच जोडला. साडेछत्तीसवर लावला, अर्धा तास आकडा धरून राहतो का ते पाहिलं. अलार्म मुद्दाम वाजवून बघितला. सगळं ठीक.

एका बाळाची आई कोपऱ्यात बसली होती. नवीन असावी, चप्पल कुठे काढायची तेही तिला माहीत नव्हतं. मला विचारलं, "तुमचं कोण आहे इथे?"

"कोणी नाही. मशीन."

इन्चार्ज सिस्टर अजून तीच आहे. मुंगी जन्मली तेव्हा एक किलो शंभर ग्रॅम होती, एकेचाळीस दिवस काचेच्या पेटीत. मुंगी हे नाव सिस्टरनेच ठेवलं. आज वॉर्मरवर हात फिरवत म्हणाली, "तुझी बहीण बाहेरच्या बाकावर बसायची, आठवतं? उठ म्हटलं तरी उठायची नाही. डॉक्टर मला घाबरायचे, मी तिला! कशी आहे ती?"

"बरी असेल."

"असेल म्हणजे?"

एक स्क्रू घट्टच होता. तो पुन्हा आवळला.

२१ सप्टेंबर, रविवार

मुंगीच्या बाबाचा फोन, दर रविवारी असतो तसा. दहा मिनिटं. तिने त्यालाही सांगितलं, मी पाचच आहे. "बरं बाई, पाच तर पाच!" म्हणाला. त्याला सोपं असतं.

नंतर कपड्यांच्या घड्या घालत होते. ती मोजे जुळवत होती. एकदम म्हणाली —

"ती सायकलपण बाळांनाच दिलीस ना?"

"कुठली सायकल?"

"लाल. मावशीने पाठवलेली. खोक्यावर चित्र होतं. तू टेम्पोवाल्या काकांना परत दिलीस. मी खिडकीत होते."

म्हणजे एक वर्ष तिला ठाऊक आहे. एक वर्ष! एका शब्दाने बोलली नाही. हे कुणाकडून शिकली ते विचारायला नको.

"आई, बाळांना सायकल येते का गं?"

खोटं बोलता आलं असतं. नाही बोलले. "बाळांना नाही दिली. मावशीलाच परत पाठवली."

"का? मावशी चुकली होती?"

"नाही."

तिने मोजे जुळवले. एक उरला.

२२ सप्टेंबर, सोमवार

का — ते इथे लिहून टाकते.

गेल्या वर्षी. नवरा वेगळा राहायला लागून चार महिने झाले होते. ताईच्या घरी जेवायला गेले, दहाबारा माणसं होती. ताई मला वाढता वाढता कुणाला तरी म्हणाली, "बिचारीला आमच्याशिवाय आहे कोण!" मायेनेच म्हणाली. आवाज मायेचाच होता. पण सगळ्यांनी वळून माझ्याकडे पाहिलं.

आठवड्याने मुंगीच्या पाचव्या वाढदिवसाची सायकल आली. खोकं न उघडता परत पाठवली. वर चिठ्ठी: आम्हाला कशाचीही गरज नाही. ताईचा फोन आला नाही. मी केला नाही. एकाच आईच्या मुली आम्ही.

या वर्षी दोन भीती होत्या. ताई पुन्हा काही पाठवेल. आणि ताई काहीच पाठवणार नाही.

म्हणून सगळ्यांनाच एक नियम लावला. भेटवस्तू नकोत. ओळ बावीस घरांना गेली, होती मात्र तेविसाव्या घरासाठी. आणि तेविसाव्या घराला निमंत्रणच पाठवलं नाही.

वॉर्मर चांगला आहे. आकडा धरून राहतो. त्याबद्दल मला वाईट वाटत नाही. पण चांगुलपणाच्या आड मी लपले, आणि मुंगीचा दिवस त्यात गेला.

२३ सप्टेंबर, मंगळवार

ताईला लिहायच्या निरोपाचे चार मसुदे. चारही खोडले. पहिल्यात सगळं सिद्ध केलं होतं, माफी तेवढी नव्हती.

२५ सप्टेंबर, गुरुवार

ताईला पाठवलं. जसंच्या तसं —

ताई, मुंगीचा वाढदिवस झाला नाही. चूक माझी. सायकलचीही माझी. पाच तारखेला, रविवारी, तो पुन्हा करायचा आहे. तू ये, भावोजींना घेऊन ये. कधी यायचं, किती दिवस राहायचं, ते तू ठरव. तिच्यासाठी काहीतरी आण, तुला आवडेल ते. मला सगळ्यांसमोर बिचारी म्हणालीस तरी चालेल. शनिवारपर्यंत, म्हणजे सत्तावीस तारखेपर्यंत, कळव. नाही म्हणायचं असेल तरी कळव.