आप्पांची बटणं

४ फेब्रुवारी

टॅब मेला! सकाळपासून कंपनीचं नाव येतं, जातं, परत येतं. पुढे काही नाही. आप्पा बोटाने दाबतायत, दाबतायत.

लकव्याचा झटका आल्यापासून माझ्या वडिलांच्या, आप्पांच्या, तोंडून शब्द फुटत नाही. त्यांच्या वतीने टॅब बोलतो. चित्र दाबलं की शब्द ऐकू येतो — चहा, पाणी, पाठ दुखतेय, पंखा बंद कर. एकेक फोटो मी काढलाय, एकेक बटण मी बसवलंय. वर्ष गेलं त्यात!

सुमितला फोन केला. माझा धाकटा भाऊ, अंबाडी नाक्यावर मोबाईलचं दुकान. दुकान म्हणजे काय, काच चिकटवायची आणि कव्हरं विकायची! म्हणतो, "ताई, रीसेट मार ना. टेन्शन कशाला घेतेस? एकदम नवा होईल."

नवा होईल! आणि आप्पा मुके होतील त्याचं काय? विद्वान!

५ फेब्रुवारी

ड्युटी सुटल्यावर दापोड्याहून येताना एका रिपेअरवाल्याकडे गेले. टॅब हातात न घेताच म्हणाला, "फॉरमॅट मारना पडेगा मॅडम. डाटा की गॅरंटी नहीं." गॅरंटी नाही तर बोर्ड कशाला लावलायस एवढा मोठा? उठून आले.

घरी आप्पा हातवारे करत होते. पाणी? नाही. चादर? नाही. बाम? नाही. "मग हवंय तरी काय तुम्हाला!" ओरडलेच. आप्पा भिंतीकडे तोंड करून पडून राहिले.

६ फेब्रुवारी

आप्पा जेवले नाहीत. माझ्यावर राग. ठीक आहे, माझाही आहे — सगळ्या जगावर.

७ फेब्रुवारी

रजा टाकली. कुणाच्या भरवशावर राहायचं? स्वतः वाचलं, स्वतः बसले.

पॉवरचं आणि आवाज कमी करायचं, दोन्ही बटणं एकत्र दाबून धरली. बंद झाला. परत चालू होताना नाव दिसलं तसं आवाजाचं बटण तेवढं धरून ठेवलं — आणि उघडला! कोपऱ्यात "सेफ मोड". यात बाहेरून टाकलेली ॲप बंद राहतात. म्हणजे टॅब शाबूत आहे, दुखणं कुठल्यातरी ॲपचं.

सापडलं. "टॅब सुपरफास्ट करा"! कोणी टाकलं? दुकानदारसाहेबांनी! वर आप्पांसाठी म्हणून कुस्तीचे व्हिडिओ इतके ठासलेले की सुई ठेवायला जागा नाही. ॲप काढलं, व्हिडिओ उडवले. टॅब साधा चालू झाला. बटणं जागच्या जागी! पण चाल गोगलगायीची.

८ फेब्रुवारी

आधी सगळ्या बटणांची प्रत मेमरी कार्डावर घेतली, कार्ड काढून ठेवलं. मगच पुढे.

रीसेटच्या दोन वाटा असतात. एक सगळं पुसते. दुसरी फक्त सेटिंग मूळपदावर आणते, ॲप आणि फोटोंना हात लावत नाही. सुमितला सांगितलं तर — "असं पण असतं?" असतं, राजा! वाचलं की कळतं.

दुसरी वाट धरली. अक्षरं बारीक झाली, ती परत मोठी केली, बस्स. टॅब घोड्यासारखा पळतोय!

संध्याकाळी सुमित भजी घेऊन हजर. आप्पांना तेलकट बंद आहे, कितीदा सांगायचं? तेव्हा आप्पा झोपलेले. उठले तसा हा शेजारी बसून लूमच्या खटखटीची नक्कल करायला लागला, सगळं अंग हलवत. आप्पांची सगळी नोकरी कापडाच्या लूमवर गेली. डोळ्यांत पाणी येईतो हसले आप्पा. एक भजं खाल्लंसुद्धा!

कामाचं काही नको, नुसता तमाशा. म्हटलं, आप्पांना टॅब उद्याच दाखवू.

९ फेब्रुवारी

सकाळी टॅब आप्पांच्या मांडीवर ठेवला. "घ्या, बोला आता!"

त्यांनी सुमितचा फोटो दाबला. मग घर. मग जायचं. तिन्ही शब्द रेकॉर्ड केलेल्या माझ्याच आवाजात.

वाटलं, चुकून दाबलं असेल. "काय म्हणालात, आप्पा?"

त्यांनी माझ्याकडे बघत सावकाश पुन्हा दाबलं. सुमित. घर. जायचं.

सुमितला फोन लावला. म्हटलं, "आप्पांना न्यायला ये." तो घाबरला — "का गं ताई, टॅब परत बिघडला का?"

"नाही," म्हटलं. "नीट चालतोय."