चॅपलमागच्या कपाटाची वारस

सोमवार, ९ ऑक्टोबर २०२३ रोजी सकाळी अकरा वाजून दहा मिनिटांनी ब्रिनगोलाई गावच्या चॅपलच्या, म्हणजे प्रार्थनाघराच्या, समितीने मागच्या खोलीतले माझे कपाट रिकामे केले आणि त्यातला सगळा ऐवज दारातल्या भंगाराच्या मोठ्या लोखंडी पेटीत टाकला. या मृत्युपत्राची गरज त्या मिनिटाला निर्माण झाली, म्हणून सुरुवात तिथूनच.

मी, ग्वेनव्रॉन पॅरी, वय वर्षे एकोणऐंशी, फिरत्या ग्रंथालयाच्या गाडीवरून निवृत्त, राहणार ब्रिनगोलाई, दोल्गेथ्लाईजवळ, वेल्स, हे स्वतःच्या हाताने लिहिते. माझे डोके ठिकाणावर आहे. गुडघे नाहीत, पण मृत्युपत्राला गुडघे लागत नाहीत. माझ्यावर कोणी दडपण आणलेले नाही. तेवढी कोणाची छाती नाही. यापूर्वीची दोन्ही मृत्युपत्रे रद्द समजावीत.

कलम १. घर, आतले सामान आणि बँकेत जे काही उरेल ते माझा एकुलता मुलगा एम्रिस यास. मागच्या दाराची कडी बसवतो, असे तो २०११ पासून म्हणतो आहे. आता दार त्याचेच. त्याने बघून घ्यावे.

कलम २. समितीचे अध्यक्ष इद्वल प्रॉबर्ट, जे पूर्वी घरोघर सिलिंडर पोचवत आणि म्हणून आजही गावात ‘गॅस इद्वल’ म्हणून ओळखले जातात, यांना त्यांची शिडी परत. एक पायरी मोडलेली आहे. ती त्यांनीच मोडली होती.

कलम ३. कपाट. ते आता माझ्या घरी आहे आणि त्यात चौसष्ट कॅसेट आहेत. सत्तावीस वर्षे मी पुस्तकांची गाडी शेताशेतांवर नेली आणि जिथे चहा मिळाला तिथे म्हाताऱ्यांचे बोलणे टिपून घेतले: लोकर कशी कातरायची, पाटीचा दगड कसा फोडायचा, मनुका रात्रभर चहात भिजवून ‘बारा ब्रीथ’ नावाचा आमचा गोड पाव कसा करायचा. मेंढ्यांच्या कानांवर प्रत्येक शेताची वेगळी कापखूण असते, आणि त्या प्रत्येक कापाला आमच्या वेल्श भाषेत नाव आहे. त्या नावांची कार्डे एका बुटांच्या खोक्यात आहेत. शिवाय वेल्श शिकणाऱ्यांसाठी मी लिहिलेल्या नऊ वह्या, आणि एक कॅसेट प्लेअर. त्याचे बटण अंगठ्याने दाबून धरावे लागते.

त्या सकाळी मी पोचले तेव्हा इद्वल शेवटचे खोके उचलत होता.

“इद्वल, काय चाललंय हे?”

“अगं, कॅसेट कोण ऐकतं आता? शिकणाऱ्यांना सगळं फोनवर मिळतं. इथे टेबल टेनिस ठेवायचंय.”

“त्यात तुझा बाप बोलतोय, गाढवा. कानांच्या खुणा सांगतोय.”

“बापाचं मी जन्मभर ऐकलंय. पुरे झालं.”

तेवढ्यात माझी सून हेझेल आली. ती इंग्लंडमधल्या वुल्वरहॅम्प्टनची, घरी इंग्रजीच. ती चांगल्या बुटांनिशी त्या पेटीत उतरली आणि खोकी वर देऊ लागली. मग उभी राहून, सगळ्या समितीसमोर, आमच्या भाषेत म्हणाली, “इद्वल काका, लाज वाटू द्या. तुम्हाला ही भाषा आयती मिळाली. मी एकेक शब्द वेचून घेतलाय. माझं धान्य उकिरड्यावर टाकू नका.”

वाक्यांत व्याकरणाच्या तीन चुका होत्या. अर्थाची एकही नव्हती.

इद्वल हसला आणि इंग्रजीत म्हणाला, “राहू दे गं मुली, कशाला उगाच त्रास घेतेस? बोल की सरळ इंग्रजीत.”

त्याला फाडून खायला मी तोंड उघडले, पण हेझेल त्याच्याकडे बघत नव्हती. ती माझ्याकडे बघत होती. कारण ते वाक्य माझे होते.

कॉन्व्हेंटमध्ये सिस्टर ऑगस्टीनने आम्हाला शिकवले की, समोरच्याला न कळणाऱ्या भाषेत बोलणे हा असभ्यपणा. माझे वडील प्रोटेस्टंट चॅपलचे पंच. पण कॅथलिक ननच्या शाळेत लॅटिन मिळते म्हणून त्यांनी मला तिकडे धाडले, आणि लॅटिनबरोबर मी हा सभ्यपणाही घरी आणला. गावालाही तो रोग आहेच. परका आत आला की अख्खे टेबल इंग्रजीकडे वळते, आणि वर आम्ही स्वतःला सुसंस्कृत समजतो.

२००४ च्या नाताळात, लग्नानंतर पहिल्यांदा माझ्या टेबलाशी बसलेल्या या मुलीने बटाटे मागण्यासाठी एक अख्खे वाक्य पाठ करून आणले होते. कान लाल होईपर्यंत अडखळत तिने ते पुरे केले. मी “घे ना, बाळा” असे इंग्रजीत म्हणून बटाटे पुढे केले. मला वाटले, तिची सुटका केली. “राहू दे, बोल की इंग्रजीत” म्हणत अशी सुटका मी एकोणीस वर्षे करत आले. परक्यांसाठी वह्या लिहिल्या. घरातल्या मुलीचे एक वाक्य ऐकून घेतले नाही.

त्या दिवशी खोकी गाडीत भरल्यावर ती इंग्रजीत म्हणाली, “आई, हे कुठे ठेवायचं?” तेव्हापासून आजपर्यंत ती माझ्याशी आमच्या भाषेचा एक शब्द बोललेली नाही. अतिशय सभ्यपणे वागते. मी शिकवले तसेच.

कलम ४. म्हणून कपाट, कॅसेट, कार्डे, वह्या, प्लेअर आणि किल्ली हे सर्व हेझेल पॅरी हिला, एकटीला. एम्रिसला नाही; त्याला भाषा आयती मिळाली आहे. कपाट कोणासाठी, केव्हा उघडायचे ते ती ठरवेल. माझा नियम एकच: शिकणारा अडखळला तर थांबावे. चहा गार झाला तर होऊ द्यावा. इंग्रजीत त्याची सुटका करू नये.

कलम ५. माझ्या अंत्यविधीला धर्मग्रंथातला उतारा हेझेलने आमच्या भाषेत वाचावा. नंतरच्या चहाला तिच्याशी जो कोणी इंग्रजीत बोलेल, त्याला बारा ब्रीथचा तुकडा मिळणार नाही. इद्वललाही नाही.

वरील मजकूर वाचून, समजून मी सही केली. आम्ही दोघे साक्षीदार त्या वेळी एकत्र हजर होतो. आमच्या वाट्याला यातले काही नाही.

(सही) ग्वेनव्रॉन पॅरी
साक्षीदार: नेस्ता विन, निवृत्त शिक्षिका
साक्षीदार: गेथिन ब्रीस, सुतार
ब्रिनगोलाई, सोमवार, २२ जानेवारी २०२४

प्रत: हेझेल पॅरी, आजच्याच टपालाने.

वकील म्हणतात, मृत्युपत्रात उत्तर मागता येत नाही. मी मागते. हेझेल, मी मरेपर्यंत थांबू नकोस. तोवर फार उशीर होईल. हे कपाट तुला हवे की नको, ते मला लेखी कळव, आमच्या भाषेत, तुझ्या हाताने, शब्दकोश न उघडता. चुका मी दुरुस्त करणार नाही. उत्तर शुक्रवार, १ मार्च २०२४ रोजी, वेल्सच्या संत डेव्हिडच्या दिवशी, दुपारी बाराच्या आत माझ्या दारात पडले पाहिजे. नकार असला तरी चालेल. फक्त इंग्रजीत नको.