गल्लीचं नाक

३ फेब्रुवारी

रात्री पुलाजवळ टँकर उलटला. कसलंसं रसायन नाल्यात गेलं आणि सकाळपासून सगळं शहर नाक मुरडतंय. कुणी म्हणतं सडका कांदा, कुणी म्हणतं जळकं रबर. सलूनवाला म्हणाला, "मेट्रनबाई, उंदीर मेलाय कुठेतरी. पण हत्तीएवढा."

मला कसलाच वास येत नाही. गेल्या हिवाळ्यातल्या तापात माझं नाक गेलं ते गेलंच. हे फक्त मला ठाऊक. सूनबाईला कळलं तर "गॅस उघडा राहिला तर तुम्हाला कळायचं कसं?" म्हणत संध्याकाळच्या आत माझी बॅग भरून मोकळी होईल. मग त्यांच्या बाराव्या मजल्यावरच्या बाल्कनीत मी आणि तिची आई, दोन कुंड्यांसारख्या. नको गं बाई.

तिचा फोन आलाच. "आई, तुमच्याकडेही येतोय का वास?"

"तर! डोकं उठलंय माझं."

४ फेब्रुवारी

नगरपालिकेत जाऊन आले. साहेब नाकाशी अत्तराचा बोळा धरून म्हणतात, "वास वगैरे काही नाही, अफवा आहे." मग हा बोळा कशाला, विचारलं. जन्मभर वॉर्डात भल्या भल्या डॉक्टरांना सरळ केलंय मी, याचं काय घेऊन बसलात! कॉन्व्हेंटमधल्या सिस्टर म्हणायच्या, भांडायचंच असेल तर पाठ ताठ ठेवून भांडा. ठेवली.

नाक नसताना हे. असतं तर राजीनामाच घेऊन आले असते.

६ फेब्रुवारी

आली का पंचाईत! पालिकेने गल्लोगल्ली एकेक वास-निरीक्षक नेमलाय. रोज सकाळी कोपऱ्यावर उभं राहून हुंगायचं, शून्य ते पाच गुण द्यायचे आणि फोनवर कळवायचे. आमच्या गल्लीतून एकमताने — मी. एवढं भांडून आल्यावर नाही कोणत्या तोंडाने म्हणणार?

७ फेब्रुवारी

युक्ती सापडली. नाकाने नाही, डोळ्यांनी हुंगायचं. कोपऱ्यावरच्या टेलरमास्तरांनी नुसतं तोंड वाकडं केलं की दोन. रुमाल लावला की तीन. सलूनवाल्याने दार लोटून घेतलं की चार. आजचा गुण चार.

९ फेब्रुवारी

फोनवरची मुलगी म्हणाली, "तुमचं किती नेमकं असतं हो. बाकीचे नुसते 'अरे बाप रे' म्हणतात. ते किती गुण धरायचे?" दिवसभर बरं वाटलं. निर्लज्जच आहे मी.

१२ फेब्रुवारी

आजूबाजूच्या सगळ्या गल्ल्या शून्यावर आल्या. आमची चारवरून हलेना. रोज जाते, रोज रुमाल, रोज दार बंद. साहेब स्वतः येऊन गेले, नाकाशी ताजा बोळा. गटारांची झाकणं उघडून बघितली. काही सापडलं नाही. लोक आता वाट वाकडी करून जातात. टेलरमास्तरांकडे कालपासून साधी पँट आखूड करायला कुणी आलं नाही. बिचारे मशीन पुसत बसतात.

१४ फेब्रुवारी

शनिवारपर्यंत वास उतरला नाही तर गल्ली रिकामी करणार.

मुलगा म्हणाला, "आई, तू बॅग भर. मी न्यायला येतो." मागून सूनबाईचा आवाज, "आईंची खोली तयार आहे म्हणावं." महिनाभरच म्हणे. माझ्या थोरल्या बहिणीलाही तिच्या मुलाने महिनाभरच म्हणून नेलं होतं. तिची भांडी अजून माझ्या माळ्यावर आहेत.

घर राहावं म्हणून नाक लपवलं, आणि त्याच नाकापायी घर चाललंय.

उद्या शून्य देऊन टाकू? कोण विचारतंय. पण खरंच काही विषारी असलं तर? समोरच्या घरात तान्हं मूल आहे. पेशंटचा ताप मी कधी अंदाजाने लिहिला नाही, कुणाला लिहू दिला नाही. आणि आता हे काय चालवलंय?

१५ फेब्रुवारी

ठरलं. उद्या खरं सांगायचं. हुंगायला धडधाकट नाकाचा माणूस नेमा म्हणावं. बॅग खाली काढून ठेवली आहे. रिकामीच. तेवढा हट्ट चालेल.

१६ फेब्रुवारी

टेलरमास्तरांना बाजूला घेऊन सांगितलं, मला वासच येत नाही, तुमच्या रुमालाकडे बघून गुण देते.

त्यांनी रुमाल खाली घेतला. "पण मेट्रनबाई, मलाही आठवडाभर काही येत नाही. तुम्ही इतक्या गंभीर तोंडाने उभ्या असता, मला वाटलं आपलंच नाक बधिर झालंय. म्हणून तुम्ही दिसलात की रुमाल नाकाला लावतो."

सलूनवाला दार किलकिलं करून म्हणाला, "मी मास्तरांकडे बघून दार लावतो."

तेवढ्यात पोस्टमन आला. त्याला विचारलं. "वास? कसला वास?"

शून्य कळवला. मग मुलाला फोन केला. म्हटलं, मी कुठेही येत नाहीये, तूच ये. आणि येताना माझ्यासाठी विजेची शेगडी आण.

"शेगडी कशाला?" म्हणाला.

तेही सांगितलं.