ताईचं म्हणणं

३ फेब्रुवारी, सकाळी सव्वासहा
डबे भरून झालेत. ताई वेणी घालतेय, तेवढ्यात लिहून घेतो. आज आमच्या कारखान्यात संशोधन करणाऱ्या बाई येणार. ताईसारख्या ऐकू न येणाऱ्या, किंवा चालता न येणाऱ्या कामगारांना मालक लोक कसं वागवतात, याचा अभ्यास — त्याला मोठं अनुदान मिळालंय. जिथे अडचण दिसेल तिथे पुढच्या हप्त्यातून सुधारणा करणार.

ताईला दम धरवत नाही. तिला शिलाई मशीनवर दिवा हवाय — मागून मालाची गाडी आली की लागणारा. मागच्या महिन्यात चाक टाचेवर गेलं. गाडीवाला ओरडत होता म्हणे! तिने मशीनला छोटा आरसा लावला, तर सुपरवायझरने काढून घेतला. "हे काय ब्यूटी पार्लर आहे?" सगळे हसले. मीही.

त्याच दिवशी, संध्याकाळी
खुणांची भाषा जाणणारा माणूस आणायला अनुदानात पैसे धरलेले नाहीत. म्हणून बाईंनी मलाच बसवलं. दाराशी मालकांनी खांद्यावर हात ठेवला. "आता तूच तिचा आवाज, बाबा! आणि तुला कायम करायची फाईल माझ्या टेबलावर आहे, माहितीये ना?" हसत म्हणाले.

ताईचे हात थांबेनात. गाडी, टाच, आरसा. जेवणाची सुट्टी संपल्याची घंटा कळली नाही म्हणून कापलेला पगार. शेवटी मूठ छातीवर दाबली — भीती वाटते.

मी म्हणालो, "ती म्हणते, सगळे सांभाळून घेतात."

बाईंचं पेन थांबलं. "एवढं बोलल्या त्या, आणि एवढंच?"

"खुणांना वेळ लागतो, मॅडम."

ताई माझ्या ओठांकडे बघत होती. मी तोंडावर हात धरून खोकलो.

४ फेब्रुवारी
ताईने न सांगता माझ्या शर्टाला इस्त्री केली. दिवा कुठे बसवायचा, तिथे मशीनवर खडूने फुली मारून ठेवलीय.

११ मार्च
बाईंना फोन करावा. करून काय सांगू? नंबर वहीत नीट उतरवून घेतला. दोनदा तपासला. केला नाही.

२ एप्रिल
मला कायम केलं! ताईने गालगुच्चा घेतला. मी ताट उचलून मोरीत ठेवलं.

२० एप्रिल
निकाल आला. दिवे, घंटेऐवजी लाल बल्ब — सगळं दुसऱ्या कारखान्यांना. आमच्याकडे म्हणे 'अडचण आढळली नाही'. मालकांनी फाटकाशी प्रशस्तिपत्रक लावलंय: 'येथील कर्णबधिर कामगार समाधानी आहेत.' कर्णबधिर म्हणजे एकटी ताईच.

ती समोर उभी राहून सावकाश वाचत होती. मग माझ्याकडे वळली. बोट स्वतःच्या छातीवर, मग माझ्या तोंडावर. मी काय म्हटलं होतं, आणि तू काय सांगितलंस?

मी बुटाची नाडी बांधायला वाकलो. नाडी सुटलेली नव्हती.

२१ एप्रिल
ताई माझ्याशी हात हलवत नाही. ताट पुढे सरकवते, बस्स.

२५ एप्रिल
ताई बाईंना भेटायला गेली. सोबत तिच्या मूकबधिर शाळेतल्या जुन्या शिक्षिका. मीही चप्पल घातली, तर तिने तळहाताने मला घरात सारलं. आता ती सगळं सांगेल. सांगू दे! नोकरी गेली तर गेली — लिहायला काय जातंय.

२६ एप्रिल
बाईंचा फोन. "तुमच्या ताई म्हणतात, तेव्हा नोकरीच्या भीतीने मीच सगळं चांगलं सांगितलं, भावाने ते जसंच्या तसं सांगितलं. आता स्वतःचंच म्हणणं त्यांनी बदललं, तर आम्हाला ते धरता येत नाही हो. खुणांचा अर्थ सांगणाऱ्याने चुकीचं सांगितलं असतं, तर पुन्हा पाहणी लावता आली असती. म्हणून तुम्हाला विचारते — तसंच झालं ना?"

ताई पाठमोरी बसून भाजी निवडत होती.

मी म्हणालो, "हो. तसंच झालं."