दिवेलागणीनंतरची पेटी

चिंचवड,
ता. ९ डिसेंबर १९५७

प्रिय ज्योतीराम यास यशवंताचा सप्रेम नमस्कार.

तुझ्याविरुद्ध गंभीर तक्रार आहे. वहिनींनी पाठवलेल्या डब्यात पापड नव्हते, नुसता चुरा होता. घट फुटला तरी माती उरते, असं पाठशाळेत गुरुजी शिकवीत. पण माती कोणी भाजून खात नाही रे. यापुढे डबा एसटीच्या टपावर न टाकता मांडीवर घेऊन ये.

येशील तेव्हा आमचं औषधांचं दुकान बघ. सयाजीनं सगळं हाती घेतलंय. पेनिसिलिनच्या बाटल्या आम्ही सुट्या विकतो, दहाच्या पेटीनंही विकतो. कारखान्याच्या दवाखान्याला मात्र पुऱ्या पेट्याच लागतात. म्हणून मी एक नेम घातला होता: दिवेलागणीला सुट्या बाटल्या मोजायच्या, मग सकाळपर्यंत नवी पेटी फोडायची नाही. तिन्हीसांजेला मीठ, सुई देत नाहीत, त्यातलंच हे, असं मी गमतीनं म्हणायचो. चिरंजीवांनी त्याचं शास्त्र केलं.

तुझ्या कुसुमच्या लग्नाची तारीख तू विचारतोस. सांगतो. आधी परवाचं ऐक.

काळेवाडीचा सोनबा दिवेलागणीनंतर दुकानात आला. गल्ल्यावर सयाजी होता. मी आत विष्णुसहस्रनाम म्हणत होतो. सगळं ऐकू येत होतं.

"मालक, येक बाटली द्या. बायकू तानी बाळंतीण हाय, अंगाची लाही झालीया. डाक्टर सुई घिऊन बसल्यात."

"सुट्या संपल्या. पेटी सकाळी फुटेल."

"सकाळपतूर न्हाई टिकायची ती."

"मग अख्खी पेटी ने. तिला दिवेलागण आडवी येत नाही."

"धा बाटल्यांचं पैकं कुठनं आणू, राव?"

"ह्यो इचार प्वार व्हायच्या आदी करायचा व्हता," सयाजीनं त्याच्याच बोलीत त्याला वेडावलं.

मला वाटलं, थट्टा चाललीय. माझाच मुलगा, शेवटी देईल. सहस्रनाम पुरं करून बाहेर आलो, तर हा कुलूप लावत होता. दिली असेल म्हणून मी विचारलंही नाही.

सकाळी त्यानं पेटी फोडून सोनबासाठी एक बाटली बाजूला काढली. तेवढ्यात सोनबाचा भाऊ दादू कापूर घ्यायला आला. "वहिनी पहाटं गेली," एवढंच म्हणाला. सयाजीनं कापूर बांधून दिला, बाटली परत पेटीत घातली, वर डिंकानं कागद चिकटवला आणि म्हणाला, "चला, पेटी पुरी झाली." दुपारी ती दवाखान्यात गेलीसुद्धा.

जेवताना कोशिंबिरीत मीठ कमी म्हणून कुरकुरला. मी विचारलं, "सयाजी, काही वाटत नाही का रे?"

"कशाचं?"

चिडून नाही रे, खरंच विचारलं त्यानं.

मुलगा निर्व्यसनी आहे. खोटं बोलत नाही. असा जावई दिवा घेऊन शोधलास तरी मिळायचा नाही, हे मीच तुला लिहिलं होतं.

ज्योतीराम, तारीख मी कळवत नाही. उद्या या घरात कुसुमला ताप भरला आणि तेव्हा मी नसलो, तर हा काय करील, याची मला भीती वाटते. पोर देऊ नकोस.

सयाजीचा बाप,
यशवंतराव