मोगरीची जागची दुडकी

११ जानेवारी १९८८
आज पुन्हा पाडलं! मसाटला, शेठच्या कारखान्यामागच्या मुरमावर, सगळ्या कामगारांसमोर. शेठ कारखान्याच्या गच्चीवरून ओरडला, "मास्तर, तुमी घोडीला शिकवो छो के घोडी तुमाला?" एकोणसाठ वर्षांचा माणूस ढुंगण झाडत उठतो, यात हसण्यासारखं काय आहे?
शेठने सारंगखेड्याच्या घोडेबाजारात हिचा पांढरा रंग तेवढा बघितला. पण तीस वर्षं पोलिसांचे घोडे घडवले, असं तापट आणि असं हुशार जनावर पाहिलं नाही. मोगरी नाव मीच ठेवलं.

१२ जानेवारी
कंबर शेकली. बाकी काही नाही.

२ ऑगस्ट
लांब दोरीवर गोल फिरवणं, मग खोगीर, मग मी. मार नाही, ओढाताण नाही. घोडीची निगा राखणारा मोतद्दार चिंधा शिरपूरकडचा. त्याला हे पटत नाही. "मास्तर, खुटाले बांधा, पुढे ढोल वाजाडा, पायवर काडी मारा. आठ दिनमा नाची." म्हटलं, मला नाचरी नको, ड्रेसाजची हवी. स्वाराने बोट हलवावं, घोड्याला कळावं, बाकी कोणाला दिसू नये. तो म्हणाला, "मंग लोके काय देखतीन?" गाढव!
शेठने शब्द दिलाय — पुढच्या वर्षी डिसेंबरात पुण्याच्या ड्रेसाज स्पर्धेला, आणि स्वार मीच. आजवर घोडा मी घडवला, वर साहेब बसले, पदकही साहेबांनाच. एकदा तरी मी बसणार.

१९ फेब्रुवारी १९८९
झालं! मोगरी जागच्या जागी दुडकली. पुढे पाऊल नाही, नुसते पाय उचलतेय — सहा, सात, आठ वेळा. लगाम माझ्या दोन बोटांत. रडलो. लिहायला लाज कसली?

२ एप्रिल
मीच माती खाल्ली. शेठ मुलाच्या, ललितच्या, सासरच्यांना घेऊन आला. मला दाखवायची खाज! जागची दुडकी करून दाखवली. शेठ टाळ्या पिटत म्हणाला, "अरे, आ तो नाचे छे!" लगेच ठरलं — आठ मेला अथालला लग्न, वरातीला हीच. म्हटलं, शेठ, हे नाचणं नव्हे. "पण पग तो उंचा करे छे ने?"

४ एप्रिल
नाही म्हणून सांगितलं. शेठ शांतपणे म्हणाला, "तो पछी चिंधा शिखवाडशे."
खुंटा, ढोल, काडी! महिन्याभरात पायही जातील आणि स्वभावही. अर्ध्या वाटेवरून परत फिरलो. म्हटलं, मीच करतो.

२५ एप्रिल
चिंधा लांबून ढोल वाजवतो, रोज दहा पावलं जवळ येऊन. मोगरी थरथरते, पण माझ्या बोटांच्या भरवशावर उभी राहते. चिंधा आज म्हणाला, "काडी मारानं कामच नही पडनं! मालेबी शिकाडा, मास्तर." बरं वाटलं. मग स्वतःचीच चीड आली. तिचा भरवसा मी कशासाठी वापरतोय!

८ मे
वरात. ललित वर पोतं ठेवल्यासारखा. मी खाली, लगामाशी. बँड कानात किंचाळत होता. बोट हलवलं — आणि मोगरी इतकी देखणी दुडकली की पुण्याच्या परीक्षकांनी उठून उभं राहावं. इथे बघत होते ते झिंगलेले वऱ्हाडी. तिच्या तोंडावर नोटा उधळत होते. ती एक कान माझ्याकडे ठेवून काम करत राहिली.

९ मे
शेठने मोगरी विकली. वापीच्या बँडवाल्याला. काल मांडवातच!
"मास्तर, तुमे तो एनी किंमत वधारी दीधी." वर पाठीवर थाप. आणि पुणे? "पुनामां कोण जोवे छे?" म्हणजे, तिथे बघतंय कोण!
चिंधाच्या काडीपासून वाचवली म्हणून मी फुशारत होतो. काडीने बिघडली असती तर तिला कोणी विकत घेतलंच नसतं. सव्वा वर्ष खपून मी तिला बाजारात उभी केली. शाब्बास, मास्तर!

१४ मे
मोगरी वापीत कोणाच्याच हातात पाय उचलत नाही. बँडवाल्याने मला बोलवायला माणूस पाठवला होता. उद्यापासून मी तिथे. बँडचा लाल कोट दिलाय, खांद्यावर सोनेरी झालर. घालून बघितला. अंगाला अगदी बरोबर बसतो.